दाबून ठेवलेली सत्ती

शंभू: ...म्हणून म्हणतो आत्या, सगळं विसर. रान विसर, सातबारा विसर. आपण तिघं नुसते पत्ते खेळतोय असं समज. बदामसत्ती येते ना तुला?

सारजा: मला इचारतोस व्हय रं? तुझ्या बापाला इच्यार. मेंढरामागं आमा भावाबहिणीची दुपार कशावर जायाची? ह्याच बदामसत्तीवर. बाभळीखाली घोंगडं हातरायचं, कोकरं अंगावरनं उड्या मारायची, पर डाव मोडायचा न्हाय.

दादासो: एक पान कमी व्हतं त्या कॅटात.

सारजा: चौकट दुर्री. तिच्या जागी काडेपेटीचं झाकण लावायचो. बोललास बाबा एकदाचा! जीपमधनं उतरल्यापास्नं बघतीया, दादा कवा तोंड उघडतोय. शंभूला वाटंत दहांदा इचारलं, तुझा बाप बोलंल ना माझ्याशी?

शंभू: बोलतात की. आण्णा, पिसा पत्ते. नवा कॅट आहे, हळू पिसा, निसटतात. तर आत्या, सुप्याकडच्या लोकांना मी असंच शिकवतो. माणसाशी सरळ जमिनीच्या दरावर बोलायला गेलं की तो भांडायला उठतो. पत्त्यावर बोललं की हसत ऐकतो. ह्या युक्तीवर माझं बारामतीतलं ऑफिस चाललंय म्हण ना.

सारजा: गुणाचं गं माझं लेकरू. येवढासा व्हतास तवा माझ्या पाठीवरनं खाली उतरत न्हवतास.

शंभू: चार रंग म्हणजे चार ठिकाणची रानं समज. बारामतीला चिकटून आहे ते बदाम. माळेगावकडचं चौकट, सुप्याचं इस्पिक. आणि आपलं कऱ्हाटीचं, ते किल्वर.

सारजा: आपलं किल्वर का? काळं म्हणून?

शंभू: तसंच समज. ओढ्याकडची जमीन काळीभोर आहे ना आपली.

सारजा: ती दादाची. माझी पट्टी मुरमाड हाय.

शंभू: तिथंच येतोय मी. आता प्रत्येक रंगाची सत्ती म्हणजे रस्त्याला लागून असलेला तुकडा. अठ्ठी, नव्वी, दश्शी असं चढत गेलं म्हणजे रस्त्यापासून आत आत गेलं. राजा अगदी ओढ्याकाठी. कसदार, बारमाही पाण्याचा. पण सत्ती खाली पडल्याशिवाय राजा टाकता येतो का?

सारजा: न्हाय येत. हातातच घिऊन बसावं लागतं.

शंभू: झालं! कॉलेजात तीन वर्षं घासली तेव्हा मला कळलं ते तुला एका वाक्यात कळलं. जमिनीचा भाव जमिनीत नसतो आत्या. तिच्यापर्यंत जायच्या वाटेत असतो.

सारजा: आमच्या येळला उलटं व्हतं बाबा. रस्त्याकडंचं रान कुणाला नको असायचं. येणाऱ्याजाणाऱ्याची गुरं तोंड घालायची, धुरळा बसायचा, पोरं हरभरा उपटून न्यायची. म्हणून तर तुझ्या आज्यानं, गेणबा आबांनी, ती पट्टी माझ्या नावची केली. जाताना म्हणाले, सारजीला रस्त्याकडंचं द्या, तिला कुठं नांगर धरायचाय.

दादासो: आबा न्हाईत म्हणलं. मी म्हणलं व्हतं.

सारजा: ठावं हाय मला. दाराआड उभी व्हते. तरी बरं वाटलं रं दादा. कायतरी माझ्या नावचं ऱ्हायलं हितं, असं वाटलं. वाट पत्ते.

शंभू: बघ, तुम्ही टाकाऊ म्हणून दिली आणि तीच सोन्याची झाली. बारामतीला कारखाने आले, रस्ता रुंद झाला. नोकरीवाल्यांना घरं बांधायला प्लॉट पाहिजेत. घराला कस लागत नाही, पाणी नळानं येतं. घराला रस्ता लागतो. म्हणून तर पुण्याच्या पार्टीला आपलं रान सलग पाहिजे, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत. आणि तुला फसवायचं नाही हां. तुझ्या पट्टीचा दर मी सगळ्यात वरचा धरलाय. आण्णांच्या काळ्या रानापेक्षा वरचा.

सारजा: दर ऱ्हाऊ दे. डाव मांड. बदामाची सत्ती कुणाकडं?

दादासो: माझ्याकडं. ही घे.

शंभू: अठ्ठी.

सारजा: ही माझी छक्की. पुरणाचा वास सुटलाय बघ. वैनी माझ्यासाठी पुरण घालतीया, व्हय ना? जीप दारात थांबली तवाच मला वास आला, अन् डोळंच भरलं. शंभू म्हणला, आत्या, धूळ गेली का? मी म्हणलं, व्हय बाबा, धूळच ती.

दादासो: इस्पिक सत्ती.

शंभू: वा, सुपं उघडलं. माझी इस्पिक अठ्ठी.

सारजा: माझी नव्वी. चार दिस ऱ्हायाच्या बेतानं पिशवी भरलीया मी. माझी सून, मानसिंगाची बायको, म्हणाली, आत्याबाई, चार दिस कशाला, आठ ऱ्हावा. माहेराला निघालाय तुमी. निमगावच्या आळीत सांगून आले सगळ्यांस्नी, माझ्या भावानं मुराळी धाडलाय. जीप घिऊन आलाय मुराळी! भाचाच आलाय न्यायला!

दादासो: पास.

शंभू: माझी बदाम नव्वी. आत्या, चौकट आहे का?

सारजा: ही घे, चौकट सत्ती. माळेगाव उघडलं तुझं.

दादासो: छक्की. चौकटची.

शंभू: माझी पंजी. आता तू... छान. आण्णा?

दादासो: पास.

शंभू: आण्णांकडं किल्वर तुंबलंय वाटतं. माझ्याकडं पण किल्वरची दुर्री-तिर्री अडकलीय. बदाम उघडलं, इस्पिक उघडलं, चौकट उघडलं. किल्वरची सत्ती कुणाकडं आहे? माझ्याकडं नाही. आण्णांकडं असती तर त्यांनी टाकली असती.

सारजा: खेळ की तू... टाकलंस पान? ही माझी इस्पिक छक्की.

शंभू: आत्या! तू दाबून बसलीस! अरे शाब्बास! बघा आण्णा, मी शिकवायच्या आधीच शिकली. ह्यालाच आम्ही होल्डिंग म्हणतो. एका पानानं आख्खा रंग अडवला. आण्णांच्या हातात राजा, राणी, गुलाम असतील, पण बसलेत पास म्हणत. कारण वाट आत्याच्या मुठीत.

दादासो: पयलं तू असं खेळत न्हवतीस, सारजे. सत्ती आली की फेकायचीस. हातात ठिवायचीच न्हाईस.

सारजा: तुझं तोंड पडलेलं बघवत न्हवतं मला. पास म्हणायला लागलास की तुझा खालचा ओठ असा लोंबायचा. म्हणायचे, जाऊ दे, घे बाबा, खेळ. हरायचे मग मीच. अजून लोंबतोय बघ ओठ. म्हातारा झालास तरी तस्साच.

दादासो: माझी पाळी हाय का? पास.

शंभू: माझी चौकट अठ्ठी. पण आत्या, दाबून ठेवण्यात धोकाही असतो, तेवढं ऐकून ठेव. एक म्हणजे पार्टी किती थांबणार? कंटाळली की दुसऱ्या रंगाकडं वळते. सुप्याला जाईल, माळेगावला जाईल. आणि दुसरं, तू तरी किती दाबशील? हातात दुसरं चालणारं पान आहे तोवरच. ती संपली की टाकावीच लागते. आणि मग भाव आपल्या हातात नसतो.

सारजा: दुसरं काय उरलं न्हाय की टाकावीच लागती.

शंभू: करेक्ट. म्हणून म्हणतो, वेळेवर टाकायची. उद्या सकाळी बारामतीला जाऊ, खरेदीखताचं सगळं तयार ठेवलंय. आण्णांची सही, तुझा अंगठा. दुपारी जेवायला परत घरी.

सारजा: उद्याच?

शंभू: पार्टी उद्याच येणार आहे ना. म्हणून तर मी परवा एसटीडीवरून निमगावला निरोप ठेवला आणि आज जीप केली.

सारजा: शंभू, एक सांग बाबा. मला न्यायाला तुला दादानं धाडलं का तू आपसूक आलास?

शंभू: मीच म्हणालो आण्णांना. पट्टी आत्याच्या नावावर आहे, आत्याचा अंगठा लागणार, तर आत्याला मानानं घेऊन येतो. आण्णा म्हणाले, जा.

सारजा: अन् पट्टी माझ्या नावावर नसती तर?

शंभू: तसं नाही गं आत्या...

सारजा: तू गप ऱ्हा बाळा. दादा, तुला इचारतीया. अंगठा लागला नसता, तर धाडला असतास मुराळी?

दादासो: पत्ते बघ सारजे. तुझी पाळी हाय.

सारजा: माझी चौकट चव्वी. घे. आता तुझी पाळी. बोल.

दादासो: पास.

शंभू: आण्णा, ती खेळाचं विचारत नाहीये.

सारजा: त्याला कळलंय रं. लई चांगलं कळलंय. शंभू, तू तवा पुण्याला व्हतास शिकायला, तुला निम्मंच ठावं असंल. तुझी बहीण दिपाली माझ्या मानसिंगाला द्यायची, असा शबूद दिला व्हता ह्यानं. पाळण्यात व्हती पोरगी, माझ्या मांडीवर ठिवून दिला व्हता. मग माळेगावच्या कारखान्यातला नोकरदार चालून आला. अन् ह्यानं सुपारी फोडल्यावर मला सांगावा धाडला.

दादासो: लेकीचं बघितलं मी. मानसिंग तवा दुसऱ्याची मेंढरं राखत व्हता.

सारजा: बघावंच की बापानं. मी न्हाय म्हणत न्हाय. पर आधी येऊन माझ्यापाशी बसला असतास, सारजे, पोरीचं बरं हुतंय म्हणला असतास, तर मीच वटी भरली असती तिची. त्या रागात मी हितं, ह्या वसरीपुढं हुबं ऱ्हाऊन म्हणले, आता मुराळी धाडशील तवाच तुझा उंबरा चढीन. आठ-नऊ वरसं झाली. मानसिंगाचं लगीन झालं, गुणाची बायको मिळाली. राग तर पयल्याच दिवाळीला गेला व्हता. राग गेल्यावर काय करायचं, ते मला कळंना, येवढंच.

शंभू: एक निरोप टाकायचास आत्या. मी आलो असतो पळत.

सारजा: निरोप कशाला? मी सोताच येत व्हते.

शंभू: कुठं?

सारजा: हितं. कऱ्हाटीला. दर भाऊबीजेला.

शंभू: काय बोलतेस?

सारजा: निमगावनं सकाळची एस्टी धरायची, बारामतीला बदलायची, अन् माझ्या पट्टीपाशी उतरायचं. लिंब हाय ना तितं, त्याच्याखाली बसायचं. माझंच रान हाय, कुणी म्हणणार न्हाय बिनबोलावता आली. तितनं ही वसरी नीट दिसती. दादा हितं बसलेला दिसायचा, ह्याच खांबापाशी. पिशवीत ताट असायचं, निरांजन असायचं, करदोडा असायचा. वाटायचं, उठंल आता. येईल अन् म्हणंल, सारजे, उन्हात काय बसलीस, चल घरला. मग चारची एस्टी यायची. चढायचे अन् जायाचे.

शंभू: आत्या... आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं गं.

दादासो: मला ठावं व्हतं.

शंभू: आण्णा?

दादासो: दिसायची मला. दर साली दिसायची. पदर डोक्यावरनं घिऊन बसलेली. मी म्हणायचो, येवढी निमगावास्नं आलीया, तर चार पावलं वर यील. तिनं शपथ घातली, तिनं मोडावी. मी थोरला हाय. सकाळी न्हाऊन, टोपी घालून बसायचो. तुझ्या आईला पाट मांडाय लावायचो आत, रांगोळी काढाय लावायचो. ती इचारायची, कुणासाठी? मी म्हणायचो, तू मांड.

सारजा: पाट मांडला व्हतास?

दादासो: दर साली.

सारजा: अन् उठला न्हाईस.

दादासो: न्हाय उठलो. एस्टी गेली की आत जायचो अन् पाट उचलायचो.

सारजा: अरं दादा... अरं दादा, काय केलं रं आपण हे?

शंभू: पाणी देऊ का आत्या? आई...

सारजा: नगं हाक मारू तिला. पुरण लागंल तिचं. बस तू.

दादासो: सारजे, मी चुकलो.

सारजा: मीबी चुकले. तू पास म्हणलास, मीबी पास म्हणले. सरळ हाय. दोघांनी दाबलं. त्याचं मला कायबी वाटत न्हाय दादा, रगात एकच हाय, तुझ्यात खोड तीच माझ्यात. पर आज उठलास. आज मुराळी धाडलास, जीप धाडलीस, पुरण घाटलंस. कशापायी उठलास, ते मला तुझ्या पोरानं आत्ता पत्त्यावर शिकवलं. त्यानं शिकवलं नसतं तर बरं झालं असतं. चार दिस मी लई सुखात ऱ्हायले असते.

शंभू: मला माफ कर आत्या. मी गाढव आहे. तू उंबऱ्याच्या आत पण गेली नाहीस अजून, आणि मी सतरंजी टाकली.

सारजा: पाय धुतलं अन् हितंच बसले, खरं हाय. तू म्हणलास, आधी दोन डाव खेळू. मला वाटलं, दादाला लाज वाटतीया म्हणून पत्त्याचं निमित्त काढलंय. म्हणलं, ल्हानपणीसारखा पत्त्यावर बोलंल माझ्याशी. मीबी खुळीच.

दादासो: ऱ्हाऊ दे सारजे. नगं लावू अंगठा. तुझी पट्टी तुला ऱ्हाऊ दे. पार्टी गेली तर जाऊ दे सुप्याला.

शंभू: हो आत्या. मी सांगतो त्यांना. खरंच सांगतो.

सारजा: आता ठिवून काय करू रं? इतकी वरसं तितं बसायचे तवा वाटायचं, दादाची नजर कमी झालीया, त्याला मी दिसत न्हाय. दिसले की उठंल. त्या एका गोष्टीवर मी परत परत यायचे. आता कळलं, दिसत व्हते. आता तितं बसून मी कशाची वाट बघू? शंभू, तू खरं शिकवलंस. किंमत रानात नसती, तिथवर जायाच्या वाटंत असती. माझ्या त्या मुरमाला येकच वाट व्हती. ती गेली.

दादासो: असं बोलू नगंस. माझ्यानं ऐकवत न्हाय.

सारजा: कुणाची पाळी हाय? खेळ की शंभू. आबा म्हणायचे, निम्म्यात डाव सोडू नये.

शंभू: माझं मन नाही आत्या.

सारजा: खेळ.

शंभू: ...इस्पिक पंजी.

सारजा: माझी इस्पिक चव्वी. दादा?

दादासो: पास.

शंभू: बदाम दश्शी.

सारजा: बदाम गुलाम. तू?

दादासो: पास म्हणलं ना.

(डाव चालत राहतो. सतरंजीवर तिन्ही रंगांच्या ओळी भरत येतात.)

शंभू: आता मी पण पास. आत्या, तुझ्याकडं एकच पान राहिलं.

सारजा: व्हय. दुसरं काय उरलं न्हाय.

(सारजा हातातलं शेवटचं पान सतरंजीच्या मधोमध ठेवते. किल्वर सत्ती.)

शंभू: आत्या... तू सुटलीस. जिंकलीस तू.

सारजा: सुटले बाबा. टाक दादा. अठ्ठी असंल ना? मग नव्वी, मग दश्शी. राजापातुर वाट मोकळी झाली तुझी.

दादासो: मला नगंत ही पानं.

सारजा: टाक. तुझं तोंड पडलेलं अजूनबी बघवत न्हाय मला. शंभू, उद्या मी निमगावनं परस्पर बारामतीला यीन. दहाच्या आत पोचते. तू हापिसाच्या दाराशी हुबा ऱ्हा, मला वाचता येत न्हाय.

शंभू: आज राहणार नाहीस? आई एवढं करतीये... चार दिवसांची पिशवी आणलीस ना?

सारजा: त्या पिशवीत वर घोंगडी हाय बघ, ती काढून ठिव. माझ्याच मेंढरांच्या लोकरीची हाय, दादासाठी. थंडीत ह्याचे गुडघे धरत्यात. वैनीला म्हणावं रागावू नगंस, पर आता घास उतरायचा न्हाय मला.

दादासो: आत तरी ये सारजे. उंबरा तरी चढ. मुराळी धाडलाय मी.

सारजा: मुराळी माझ्यासाठी न्हवता दादा, तो अंगठ्यासाठी व्हता. अंगठा उद्या बारामतीला येतोय. मी न्हाय चढत.

शंभू: मग मी जीपनं सोडतो निमगावला. एवढं तरी करू दे.

सारजा: नगं रं. चारच्या एस्टीला येळ हाय अजून. तवर लिंबाखाली बसते. उद्यापास्नं ती जागा पार्टीची. आजच्या दिस माझी हाय.

दादासो: थांब. वहाणा घालतो. मी येतो संगं. एस्टी येईस्तवर बसू दोघं.

सारजा: नगं दादा. तू हितंच बस, खांबापाशी. एस्टी येईस्तवर तितनं दिसत ऱ्हा म्हंजे झालं.